छेदस्थानी कोण?

विद्यापीठाच्या यशाचे मोजमाप करताना अंशस्थानी काय घ्यावे याविषयी फारसा वाद होत नाही, कारण पदवी मिळवलेले विद्यार्थी मोजावेत हे सर्वांनाच मान्य असते. खरा प्रश्न असतो तो छेदाचा. समजा, एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षाला १०० जणांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी ७० तृतीय वर्षापर्यंत पोहोचले, ६० अंतिम परीक्षेला बसले आणि ५४ उत्तीर्ण झाले, तर सूचनाफलकावर ९० टक्के निकाल लागतो आणि तो खोटाही नसतो. परंतु प्रथम वर्षाच्या हजेरीपटावरून हिशेब केला, तर पदवी ५४ टक्क्यांनाच मिळालेली असते. परीक्षेत नापास झालेल्या सहा जणांची नोंद निकालपत्रकात राहते, मात्र परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्या ४० जणांची नोंद कोणत्याही निकालात नसते.

या ४० जणांना हिशेबात आणणारी दोन मापे उच्च शिक्षणाच्या अभ्यासात वापरली जातात. पहिले टिकाव-दराचे, म्हणजे एका वर्षी प्रथमच प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के विद्यार्थी पुढच्या वर्षी त्याच संस्थेत शिकत आहेत याचे; दुसरे पदवीपूर्ती-दराचे, म्हणजे त्याच विद्यार्थ्यांपैकी ठरावीक मुदतीत किती जणांच्या हाती पदवी आली याचे. एकाच वर्षी एकत्र प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या समूहाला ‘प्रवेशगट’ म्हणता येईल. हा गट एकदा निश्चित झाला की त्यातून कोणालाही वगळायचे नाही आणि त्यात नव्याने कोणाला घालायचे नाही, हाच या पद्धतीचा कणा आहे.

ही रीत भारताला परकी नाही. अध्यापक विद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाणारी ‘गळती व स्थगिती’ ही जोडी हार्टोग समितीच्या १९२९ च्या अहवालातून आली असून, १९२२–२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५–२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले उरली होती, हा त्या अहवालातील आकडा प्रवेशगटाच्याच विचारातून काढलेला आहे. त्या हिशेबात मुलामुलाचा माग काढलेला नव्हता, नुसती डोकी मोजली होती, त्यामुळे खालच्या वर्गात अडकून राहिलेले मूल आणि शाळा सोडून शेतावर गेलेले मूल यांची त्यात सरमिसळ होते. तरीही दारातून आत आलेल्यांपासून मोजणी सुरू करण्याचे भान त्यात होते. प्राथमिक शाळेबाबत इतक्या लवकर आलेले हे भान विद्यापीठांपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला, याची खंत या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला वाटायला हवी.

विद्यापीठांच्या पातळीवर या मापाला कायद्याचे रूप मिळाले ते अमेरिकेत. तेथील काँग्रेसने १९९० मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार केंद्रीय विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या संस्थांवर पदवीपूर्ती-दर जाहीर करण्याचे बंधन आले. प्रवेशगटात प्रथमच उच्च शिक्षण घेणारे, पूर्णवेळ आणि पदवीसाठी नाव नोंदवलेले विद्यार्थीच धरायचे; अभ्यासक्रमाच्या नेहमीच्या मुदतीच्या दीडपट, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षे वाट पाहायची; मृत्यू, कायमचे अपंगत्व, सैन्यसेवा अशा मोजक्या कारणांखेरीज कोणालाही छेदातून काढायचे नाही, असे त्याचे नियम ठरले. नियम काटेकोर असले तरी त्यांच्या पोटात एक विशिष्ट विद्यार्थी गृहीत धरलेला होता: शाळा संपताच आलेला, दिवसभर मोकळा आणि एकाच ठिकाणी शिकणारा. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारी आई या छेदात येतच नसे, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन उत्तम रीतीने पदवीधर झालेला विद्यार्थी पहिल्या ठिकाणी अपयश म्हणून नोंदला जाई, तर दुसऱ्या ठिकाणी त्याची गणनाच होत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी अर्धवेळ आणि बदलून आलेल्या विद्यार्थ्यांनाही धरून आठ वर्षांपर्यंतचा निष्कर्ष नोंदवण्याची पद्धत तेथे २०१५–१६ पासून सुरू झाली.

दराचा आकडा मिळाला तरी तो संस्थेविषयी नेमके काय सांगतो, हे ठरवणे सोपे नसते. अत्यंत निवडक प्रवेश देणाऱ्या हार्वर्डसारख्या विद्यापीठाचा पदवीपूर्ती-दर ९५ टक्क्यांच्या वर असतो, पण त्यातले किती श्रेय अध्यापनाचे आणि किती प्रवेशाच्या चाळणीचे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी यासाठी अपेक्षित दराची कल्पना मांडली: आलेल्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी आणि पार्श्वभूमी पाहता किती जण पदवीधर व्हावेत याचा अंदाज बांधावा आणि प्रत्यक्ष दर त्याच्या वर आहे की खाली, हे पाहावे. या कसोटीवर नावाजलेले विद्यापीठ बेताचे आणि आडवाटेचे महाविद्यालय कर्तबगार ठरू शकते. हा विचार बाजूला ठेवून केवळ दर वाढवण्याची सक्ती केली, तर संस्थेसमोर दोन आडवाटा खुल्या होतात: कच्च्या विद्यार्थ्याला प्रवेशच न देणे किंवा परीक्षा सैल करणे. म्हणूनच महाविद्यालयांचे अनुदान निष्पत्तीवर बेतणाऱ्या टेनेसी राज्याच्या २०१० च्या कायद्यानंतर जे सूत्र आखले गेले, त्यात गरीब आणि प्रौढ विद्यार्थ्यांच्या यशाला जादा भार दिला गेला.

विद्यार्थी शिक्षण का सोडतो, याची सर्वाधिक चर्चिली गेलेली मांडणी व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केली. एमिल द्युर्खेम यांच्या आत्महत्येविषयीच्या समाजशास्त्रीय विवेचनाचा आधार घेऊन त्यांनी असे मांडले की, संस्थेच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनाशी ज्याचे धागे जुळत नाहीत तो हळूहळू तिच्यापासून सुटतो. सोडणे ही एका क्षणाची कृती नसून दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया असते. या सिद्धान्ताने दोषाचा रोख विद्यार्थ्याकडून संस्थेकडे वळवला, हे त्याचे मोठे योगदान होय. तथापि, घर आणि गाव मागे टाकून नव्या समूहात विरघळण्याची जी अपेक्षा त्यात दडली होती, ती अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांवर अन्याय करते, असा आक्षेप विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये घेतला. जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की, घरून ये-जा करणाऱ्या आणि वयाने मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मैत्री व स्नेहसंमेलनांपेक्षा पैसा, कामाचे तास आणि घरची जबाबदारी या बाहेरच्या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. सकाळच्या एसटीने तालुक्याला येऊन दुपारच्या गाडीने शेतावर परतणाऱ्या विद्यार्थ्याला हे शेवटचे विवेचन पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक लागू पडते.

बाहेरच्या या अडचणींपुढे संस्था अगदीच हतबल नसते, हे अटलांटा शहरातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या उदाहरणावरून दिसते. २००३ मध्ये तेथील सहा वर्षांचा पदवीपूर्ती-दर ३२ टक्के होता, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा २९ आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांचा २२ टक्के. पुढच्या दीड दशकात एकूण दर ५४ टक्क्यांच्या आसपास गेला आणि वंश व उत्पन्नानुसार असलेली दरी जवळजवळ मिटली. याच काळात अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढत जाऊन निम्म्याच्या वर गेले, म्हणजे प्रवेशाची चाळणी बारीक करून हा आकडा मिळवलेला नव्हता. विद्यापीठाने दहा वर्षांतील जुने निकाल तपासले, तेव्हा असे आढळले की राज्यशास्त्राच्या पहिल्याच विषयात पहिल्या दोन श्रेणींपैकी एखादी मिळवणाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थी पदवीधर होत आणि त्याखालची, तरीही उत्तीर्णच समजली जाणारी श्रेणी मिळवणाऱ्यांपैकी केवळ एकचतुर्थांश. उत्तीर्ण झाला म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहत नसे, तोच धोक्यात होता. २०१२ पासून अशा सुमारे ८०० खुणांवर रोज नजर ठेवणारी संगणकप्रणाली तेथे सुरू झाली. परंतु प्रणालीपेक्षा महत्त्वाचे हे की तिच्याबरोबर चाळीसहून अधिक सल्लागार नेमले गेले आणि खूण दिसताच विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याशी बोलण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली.

दुसरा शोध अधिक हेलावणारा आहे. दर सत्रात हजारावर विद्यार्थ्यांची नावे शुल्क थकल्यामुळे पटावरून कमी होत आणि त्यांतील अनेकांची थकबाकी किरकोळ असे. कित्येक जण शेवटच्या वर्षात होते, अभ्यासात ठीक होते आणि नियमानुसार मिळणारे साहाय्य संपल्यामुळे अडले होते. विद्यापीठाने २०११ पासून अशांच्या खात्यात, त्यांनी अर्ज करण्याची वाट न पाहता, कमी पडणारी रक्कम भरण्यास सुरुवात केली. मदत योग्य वेळी आणि न मागता पोहोचणे, हेच या योजनेचे मर्म होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाण अगदी नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना यांमागे, शाळेत आलेला मुलगा भाकरीवाचून परत जाऊ नये, हाच विचार होता. जे नाही ते मोजमाप. महाविद्यालयाच्या मूल्यांकनात विचारली जाणारी उत्तीर्णांची टक्केवारी अंतिम परीक्षेला बसलेल्यांवर काढली जाते. राष्ट्रीय क्रमवारीत विहित मुदतीत पदवी मिळवणाऱ्यांचा वाटा धरला जातो, ही त्या मानाने चांगली सुधारणा आहे, पण संलग्न महाविद्यालयांपैकी बहुसंख्य त्या क्रमवारीत उतरतच नाहीत. शिवाय येथील वास्तवाला साजेशा व्याख्याही कराव्या लागतील. एटीकेटी मिळालेला, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात बसण्याची मुभा असलेला विद्यार्थी टिकाव-दरात शाबूत दिसतो, पण पदवीपूर्तीत मागे पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्याला यशस्वी म्हणावे की गळालेला, हे त्याने पुढे काय केले ते पाहिल्याशिवाय ठरवू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात सवडीने शिकणाऱ्यांना सहा वर्षांची मुदत लावणे तर सरळ चुकीचे होईल.

साधने मात्र हाताशी आहेत. प्रथम वर्षाला पात्रता निश्चित झाली की विद्यापीठ प्रत्येकाला कायम नोंदणी क्रमांक, विद्यार्थ्यांच्या भाषेत पीआरएन, देते, आणि तो पदवीपर्यंत बदलत नाही. एका वर्षाचे सर्व पीआरएन म्हणजे तयार प्रवेशगटच होय. विद्यापीठ बदलले की क्रमांक बदलतो, ही अडचण २०२१ पासून आलेल्या श्रेयांक-पेढीच्या खात्यामुळे, म्हणजे विद्यार्थ्याने कोणत्याही संस्थेत मिळवलेले श्रेयांक एकत्र साठवणाऱ्या व्यवस्थेमुळे, दूर होऊ शकते. त्याहून जवळची खूण प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात दर सहामाहीस आपोआप तयार होते: प्रवेश घेतलेल्यांची यादी आणि परीक्षेचा अर्ज भरलेल्यांची यादी. पहिल्या यादीत असून दुसऱ्या यादीत नसलेली नावे प्रवेशानंतर तीन-चार महिन्यांतच समोर येतात, आणि बहुतेक ठिकाणी ती केवळ बैठक व्यवस्थेतून वगळली जातात. त्यानंतर विलंब शुल्काची मुदत असते, मग अतिविलंब शुल्काची. त्या दोन तारखांच्या दरम्यान त्या नावांपुढचा दूरध्वनी क्रमांक फिरवून, अर्ज का भरला नाही, हे विचारण्याइतके दिवस कार्यालयाच्या हाती असतात.