रिकामी खाच

कोणत्याही वाढत्या गावातील घरांकडे पाहिले असता एक गोष्ट सहज नजरेत भरते. घर एकाच मजल्याचे असते. पण गच्चीवर, खांबांच्या माथ्यांतून निघालेल्या लोखंडी सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. परक्या माणसाला त्या अपुरेपणाच्या खुणा वाटतात. घरधन्याला मात्र तसे वाटत नाही. आज पैसा एका मजल्यापुरता आहे. उद्या मुले मिळवती होतील, दुसरा मजला चढवतील, तेव्हा त्यांना पुन्हा पायाला हात घालावा लागू नये, एवढीच त्याची इच्छा असते.

यंत्रांच्या जगातही असे दूरदर्शी घरधनी होऊन गेले आहेत. संगणकाच्या पेटीत मदरबोर्ड नावाचा एक मोठा सपाट फलक असतो. आकडेमोड करणारा प्रोसेसर, माहिती ध्यानात ठेवणारी मेमरी आणि या सर्वांना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक वाटा त्या फलकावरच असतात. त्याच्या एका बाजूला काही लांबट, अरुंद खाचा ठेवलेल्या असतात. मूळ यंत्रात नसलेला एखादा गुण हवा असेल, तर त्याचे कार्ड आणून या खाचेत बसवावे, अशी ही योजना असते.

१९७७ साली अमेरिकेत ॲपल टू नावाचा संगणक विक्रीस आला. स्टीव्ह वॉझ्नियॅक हा तरुण अभियंता तो तयार करीत असता, त्याचा मित्र आणि भागीदार स्टीव्ह जॉब्झ याच्याशी त्याचा खाचांवरून खटका उडाला. जॉब्झचे म्हणणे असे की, दोन खाचा पुरेत; एक छपाईच्या यंत्रासाठी आणि दुसरी टेलिफोनच्या तारेवरून संदेश धाडणाऱ्या मोडेमसाठी. लोकांना याहून अधिक ते काय लागणार? वॉझ्नियॅकला आठ खाचा हव्या होत्या. लोकांना पुढे काय काय सुचेल हे आज कोणी ठरवून टाकावे, हेच त्याला मान्य नव्हते. तो हटून बसला आणि अखेर आठ खाचा राहिल्या. पेटीचे झाकणही असे केले की, ते कोणालाही नुसत्या हातांनी उघडता यावे.

या संगणकाचा प्रोसेसर ६५०२ या नावाचा होता. त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे १० लाख ठोके देई. त्या काळी ही गती वाईट नव्हती. अडचण निराळीच होती. कचेरीत उपयोगी पडणाऱ्या, पत्रे लिहिण्याच्या आणि हिशेब ठेवण्याच्या पुष्कळशा आज्ञावल्या सीपी/एम या प्रणालीसाठी लिहिलेल्या होत्या. ती प्रणाली ८०८० आणि झेड-८० या प्रोसेसरांची भाषा बोले. ६५०२ ला ती भाषा कळत नसे. ज्याने साठवलेले पैसे घालून ॲपल टू घेतला होता, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत: त्या आज्ञावल्यांवाचून काम चालवावे, किंवा दुसरा संगणक घ्यावा.

मायक्रोसॉफ्ट या कंपनीपुढेही हाच प्रश्न होता. तिने तयार केलेल्या अनेक आज्ञावल्या ८०८० च्या भाषेत होत्या. त्या एकेक करून ६५०२ च्या भाषेत पुन्हा लिहायच्या, म्हणजे फार मोठे कष्ट. तेव्हा कंपनीचा एक संस्थापक पॉल ॲलन याच्या मनात वेगळाच विचार आला. सर्व आज्ञावल्यांची भाषा बदलण्यापेक्षा, ती भाषा जाणणारा प्रोसेसरच ॲपल टूमध्ये नेऊन बसवला तर? टिम पॅटर्सन या अभियंत्याने तसे कार्ड प्रथम बनवून पाहिले. १९८० साली ते सॉफ्टकार्ड या नावाने बाजारात आले. ॲपल टूची आरंभीची किंमत १,२९८ डॉलर होती. हे कार्ड ३४९ डॉलरला मिळे. चौथ्या हिश्श्याच्या आसपास पैसे खर्चून जुन्या यंत्राला दुसरा मेंदू लाभला.

परंतु एका घरात दोन कर्ते आले की तंटा होण्याचा संभव असतो. मेमरीतील प्रत्येक घराला क्रमांक असतो. आरंभीच्या क्रमांकांची घरे ६५०२ ला स्वतःसाठी लागत, आणि सीपी/एमलाही नेमकी तीच हवी असत. कार्डाच्या रचनाकारांनी यावर सुंदर तोड काढली. झेड-८० ने एखाद्या घराचा क्रमांक उच्चारला की, कार्डावरील एक छोटीशी जोडणी तो बदलून त्याला दुसऱ्याच घराकडे पाठवी. शिवाय दोघेही एकाच वेळी काम करीत नसत. विचाराचे काम झेड-८० करी. पडद्यावर अक्षरे उमटवणे, तबकडीवरून माहिती आणणे ही कामे आली की तो थांबे आणि जुना ६५०२ ती पार पाडी. कोकणातला बागवान रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम बांधतो, तेव्हा मूळ जुनेच राहते आणि फळ नवे येते. येथेही तसेच घडले.

ॲपल कंपनीने १९८४ साली मॅकिंटॉश हा संगणक काढला, तेव्हा मात्र त्यात अशी एकही खाच ठेवली नाही. पेटी उघडण्यासाठी विशेष प्रकारचा लांब पेचकस लागे. तरी लोक स्वस्थ बसले नाहीत. काही कारागिरांनी जुन्या प्रोसेसरच्या पायांवर चिमट्यासारखी घट्ट बसणारी कार्डे तयार केली आणि यंत्राचा वेग वाढवला. जी सोय सरळ दारातून आत यायची, ती भिंतीवरून चढून आली. पुढे १९८७ सालच्या मॅकिंटॉश टूमध्ये सहा खाचा देण्यात आल्या.

हा विचार त्या काळाबरोबर संपला नाही. २००५ साली तैवानच्या ॲसरॉक कंपनीने ९३९ पिनांच्या एएमडी प्रोसेसरसाठी एक मदरबोर्ड काढला. त्यावर पिवळ्या रंगाची एक जादा खाच होती. भावी काळातील प्रोसेसरसाठी ती राखलेली होती. पुढील वर्षी एएमडीने ९४० पिनांची बैठक आणली. नवा प्रोसेसर जुन्या बैठकीत बसेना, आणि त्याला मेमरीही नव्या प्रकारची लागे. तेव्हा त्या पिवळ्या खाचेसाठी एक कार्ड निघाले. मेमरीशी बोलणारी जोडणी या प्रोसेसरच्या पोटातच असल्यामुळे कार्डावर नव्या मेमरीच्या खाचाही द्याव्या लागल्या. वीज बंद करावी, जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावाव्या, कार्डाला कडेने धरून सारख्या दाबाने खाचेत बसवावे, की बाकीचे यंत्र पूर्वीप्रमाणेच नव्या प्रोसेसरची सेवा करू लागे.

अशा कार्डाने सर्वच उणिवा भरून निघतात, असे मात्र नाही. फलकावरील जुन्या वाटा जेवढ्या रुंद असतील तेवढ्याच राहतात. नवा प्रोसेसर कितीही चपळ असला तरी त्या वाटांवर त्याला जुन्याच चालीने चालावे लागते. मूळच्या ॲपल टूच्या पडद्यावर एका ओळीत ४० अक्षरेच मावत, म्हणून पत्रे लिहिणाऱ्याला ८० अक्षरांच्या ओळीसाठी आणखी एक कार्ड घ्यावे लागे. अर्थात त्यासाठीही एक खाच रिकामी होतीच. कधी जुन्याला निरोप देणेच शहाणपणाचे ठरते. पण तो निरोप पुरता विचार करून द्यावा. केवळ नवे आले म्हणून चालते यंत्र अडगळीत फेकू नये.

ॲपल टूच्या घराण्यातील संगणक १९९३ सालापर्यंत तयार होत राहिले. संगणकाच्या जगात सोळा वर्षे म्हणजे दीर्घायुष्यच. वॉझ्नियॅकने आठ खाचांचा आग्रह धरला, तेव्हा झेड-८० चे कार्ड कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे कोणीतरी येईल, त्याला आपल्याला न सुचलेले काही सुचेल, आणि त्याच्यासाठी जागा असावी, एवढे त्याने मानले. आपल्या कामात दुसऱ्याच्या बुद्धीसाठी अशी जागा राखणे हा मोठा विनय आहे, आणि असा विनय असलेल्या माणसाच्या हातचे काम पुष्कळ दिवस टिकते.