खालचा सूर बदलतो तेव्हा

दोन वर्षांपूर्वीच्या बकरी ईदची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती. पुतण्याच्या हट्टामुळे मी गिटार काढली, फोनवर ब्लूजचा साथीचा ट्रॅक लावला आणि वाजवायला बसलो. पोरं खूश झाली. वहिनीनं आतून 'वा वा' केलं. अब्बा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. वाजवणं संपलं तसं ते डोळे न उघडताच म्हणाले, "नीचे का सूर बदल्या, तू वहींच बैठ्या रे."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

अब्बांनी उभा जन्म मिरजेत तंबोरे बनवण्यात घातला. भोपळा निवडण्यापासून घोडीवर कानस फिरवून जवारी काढण्यापर्यंत सगळं. जवारी काढताना ते तार छेडायचे, कान घोडीजवळ न्यायचे, पुन्हा कानस, पुन्हा तार. तासन्‌तास. मी त्या आवाजात वाढलो. मात्र कारखान्यात बसलो नाही. शिकलो, पुण्यात नोकरी धरली, आणि कॉलेजात असताना एका मित्राच्या कॅसेटवर बी. बी. किंग ऐकून गिटारच्या नादी लागलो. अब्बा त्यावर कधी भांडले नाहीत. गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं भांडणापेक्षा जड होतं. वीस वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी काढलेलं हे पहिलंच वाक्य.

जास्त लागायचं कारण वेगळं होतं. शनिवार-रविवारी आम्ही चार-पाच जण हौसेनं एकत्र वाजवतो. आमच्यात कीबोर्डवर बसणारा एक तरुण आहे, माझ्या निम्म्या वयाचा. ईदच्या महिनाभर आधी तो भीत भीत मला म्हणाला होता, "सर, राग मानू नका, पण मी खाली काय वाजवतो ते तुम्ही ऐकत नाही." मी राग मानला. दोन आठवडे तालमीला गेलो नाही. आता तेच वाक्य माझ्या बापानं दखनीत सांगितलं होतं.

दोघांनी काय पकडलं होतं, ते आधी सांगतो. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा असतो. एक बार म्हणजे चार मात्रा. त्या बारा बारांत तीन कॉर्ड्स फिरतात: एक 'सा'वर उभी, दुसरी 'म'वर, तिसरी 'प'वर. पहिले चार बार 'सा'वर, मग दोन बार 'म'वर, परत दोन 'सा'वर, नंतर 'प', 'म' आणि शेवटी घरी. नवखा गिटारवाला यावर पाच सुरांची एकच चौकट शिकतो: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे धानी रागात लागतात तेच सूर. कॉर्ड कुठलीही असो, हे पाच सूर निभावून नेतात. चुकीचं काही वाजतच नाही, हीच त्यांची गंमत आणि हाच सापळा. मी वीस वर्षं त्या चौकटीत राहिलो. सूर ओढायचो, थरथरवायचो, लोक टाळ्या द्यायचे.

अब्बांच्या वाक्यानंतर मला कळलं की मी ब्लूज वाजवत होतो खरा, पण तंबोऱ्यावर वाजवल्यासारखा. माझ्या कानात लहानपणापासून एक न हलणारा 'सा' बसलेला. जमीन हलत नाही हे गृहीत धरूनच मी गिटार हातात घेतली होती. ब्लूजमध्ये ती हलते. चौथ्या बारानंतर हलते आणि सगळी साथ त्या नव्या जमिनीवर जाते. मी जुन्याच ओट्यावर बसून रडगाणं गात राहायचो.

उपाय जॅझमध्ये होता, आणि मला जॅझची भीती वाटायची. जॅझ म्हणजे गणित, ब्लूज म्हणजे काळीज, अशी माझी समजूत. ती समजूत इतिहासात टिकत नाही. टी-बोन वॉकर हा इलेक्ट्रिक ब्लूज गिटारचा मोठा पूर्वज. १९४७ साली त्यानं 'स्टॉर्मी मंडे' ध्वनिमुद्रित केलं आणि त्यात साध्या कॉर्ड्सऐवजी नाइन्थ कॉर्ड्स सरकवत नेल्या. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनकडे आला, १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. तेवढ्या काळात गिटार सॅक्सोफोनसारखी बोलू शकते हे त्यानं दाखवून दिलं. बी. बी. किंगच्या आवडत्या गिटारवाल्यांत तो होता. चार्ली पार्करनं १९४५ मध्ये वाजवलेलं 'नाऊज द टाइम' हे बारा बारचं ब्लूजच आहे. घर एकच होतं. मीच मध्ये भिंत घातली होती.

वेस माँटगोमेरीची गोष्ट वाचून धीर आला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्यानं रेकॉर्डवरून कानानं उतरवले. दिवसा कारखान्यात काम, रात्री वाजवणं. म्हटलं, आपल्यालाही कानानंच जाता येईल.

मग मी ती पाच सुरांची चौकट तीन महिने बंद ठेवली. प्रत्येक कॉर्डचे फक्त दोन सूर घ्यायचे, तिसरा आणि सातवा. कॉर्डची ओळख या दोघांत असते. 'सा'च्या कॉर्डचे हे दोन सूर म्हणजे शुद्ध ग आणि कोमल नी. साथ 'म'वर गेली की दोन्ही बोटं एकेक फ्रेट खाली सरकतात: कोमल ग आणि शुद्ध ध. साथ 'प'वर गेली की 'सा'च्या जागेवरून दोन्ही एकेक फ्रेट वर: म आणि शुद्ध नी. बस, एवढंच. बोट एका फ्रेटनं हलतं आणि खोलीतला उजेड बदलतो. पहिल्यांदा 'म'वर जाताना मी नेमक्या क्षणी कोमल ग धरला, तेव्हा अंगावर काटा आला. हा सूर मी वीस वर्षं वाजवत होतो. तो कुणाचा आहे हे आज कळत होतं.

पुढे जॅझवाल्यांनी ब्लूजमध्ये घातलेल्या जास्तीच्या पायऱ्या शिकलो. सहाव्या बारात 'म'च्या कॉर्डचा पाया अर्ध्या सुरानं वर चढवतात. तिथे तीव्र म येतो. हाच तो ब्लूजचा हंबरडा फोडणारा सूर, जो आम्ही कुठेही कसाही ओढतो. इथे त्याला स्वतःची कॉर्ड मिळते. आठव्या बारात 'ध'वर एक कॉर्ड येते, तिच्यात कोमल रे. ती नवव्या बारातल्या 'रे'च्या कॉर्डकडे ओढ लावते, ती दहाव्यात 'प'कडे, आणि 'प' घराकडे. एकेक कॉर्ड पुढचीचा दरवाजा उघडत जाते. यातलं काहीही वाजवण्याआधी मी गाऊन बघायचो. गाता आलं नाही तर बोटांना परवानगी नाही.

सहा-सात महिन्यांनी तालमीत वाजवलं. कीबोर्डवाल्या पोरानं मान वर करून बघितलं, हसला. मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. पण घरी परतताना आमचा ढोलकवजा ड्रमर, माझा कॉलेजपासूनचा दोस्त, म्हणाला, "आता सगळं बरोबर वाजवतोस. पण पूर्वी तुझं ऐकताना पोटात कालवायचं, ते होत नाही."

त्या रात्री मला झोप नाही. ज्याची भीती होती तेच झालं होतं. प्रत्येक कॉर्डचा दरवाजा बरोबर उघडत होतो, पण आत जाऊन कुणाशी बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी केनी बरेलचं १९६३ चं 'मिडनाइट ब्लू' लावलं. जॅझची सगळी विद्या त्या माणसाच्या हातात आहे, आणि तो किती कमी वाजवतो! दोन सूर, मग शांतता, मग पुन्हा तेच दोन सूर थोडे उशिरा. मी विद्या दाखवत होतो, तो ती गिळून बसला होता. मग मीही कमी करायला लागलो. बारा बारांत दोन-तीनच जागा निवडायच्या जिथे जमीन हलल्याचं दाखवायचं. बाकी जुनं रडगाणं, जुन्या आवाजात.

गेल्या ईदला पुन्हा मिरजेला गेलो. या वेळी मीच गिटार काढली. अब्बांचं वय झालंय, कारखाना भाऊ बघतो. मी वाजवत असताना ते सरसावून बसले. आठव्या बारात भुवया उंचावल्या. "ये कोमल रिषभ कहाँ से लाया?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आता खाली बघून चालतोस. पण तुझा गंधार चढा आहे."

मी म्हटलं, "अब्बा, गिटारचे पडदे पक्के असतात. सगळ्या पट्ट्यांत चालावं म्हणून गंधार थोडा चढाच बसवलेला असतो. तो खाली आणता येत नाही."

अब्बा उठले. कोपऱ्यातला तंबोरा घेतला, खर्ज छेडला आणि मला खूण केली, ऐक. त्या एका तारेतून कुणी न लावता गंधार वर येत होता. स्वयंभू गंधार. लहानपणी हजार वेळा ऐकलेला. गिटारच्या गंधारापेक्षा जराच उतरलेला, आणि किती निवांत.

"खाली आणू नकोस," ते म्हणाले, "खालून वर ने. आणि तिथे थांब."

मी कोमल गंधाराच्या फ्रेटवर बोट ठेवलं, तार ओढली, आणि पुढच्या फ्रेटचा सूर यायच्या जराशी आधी थांबलो. तंबोऱ्यातून येणारा तो गंधार आणि माझा एक झाले. ब्लूज गाणारे दोन गंधारांच्या मधली जी जागा शोधत असतात, ती हीच असावी असं मला वाटलं. कुठला सूर लावायचा हे जॅझनं शिकवलं होतं. नेमका कुठे लावायचा, हे तंबोरा बनवणारा माणूस सांगत होता.

भावानं फोनवरचा ट्रॅक कधी बंद केला कळलं नाही. अब्बा तंबोरा छेडत राहिले. 'म'वर न्यायची वेळ आली तेव्हा मी थबकलो, कारण तंबोरा काही जागचा हलणार नव्हता. अब्बांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "तू जा. मी इथेच आहे."