तिसरीतले गाव

शाळेच्या इयत्तांत तिसरीचे कौतुक फारसे कोणी करीत नाही. पहिलीला पाटीपूजनाचा थाट असतो, चौथीला आपण मोठे झाल्याचा डौल असतो. मधली तिसरी मात्र कोणाच्या लक्षातही न येता निघून जाते. वाईस एका प्राथमिक शाळेत मी पुष्कळ वर्षे हाच वर्ग शिकविला, म्हणून मला तिचे मोल ठाऊक आहे. घराच्या उंबरठ्याबाहेर आपले असे एक गाव आहे, हे मुलाला प्रथम तिसरीत कळते. मी शिकवीत होते त्या काळी बालभारतीचे या इयत्तेचे भूगोलाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी निराळे निघे. साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचे, रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचे. धड्यात कृष्णेचे नाव आले की आमची मुले पुस्तक सोडून खिडकीकडे बोट दाखवीत.

हे सांगावयाचे कारण असे की, गेल्या वैशाखात मी टोकियोस चिरंजीवांकडे गेले, तेव्हा माझा नातू नुकताच तिसरीत बसला होता. जपानात शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. जाताना मी मनात एक हेतू धरला होता व तो कोणाजवळ बोलले नव्हते. दूरध्वनीवर मुलाचे मराठी महिन्या-महिन्याला आटत चाललेले मला ऐकू येत असे. तो तेथे पुरता रुजण्यापूर्वी त्याला वाईस आणावे व आपल्या हाताखाली शिकवावे, असे मी ठरविले होते.

चिरंजीवांचे बिऱ्हाड टोकियोच्या पूर्वेस एदोगावा नावाच्या विभागात, निशिकासाई स्टेशनाजवळ आहे. या भागात भारतीय कुटुंबे इतकी झाली आहेत की, तुरीची डाळ आणि हिंग चालत जाऊन आणता येतो. भारतीय मुलांसाठी निराळ्या शाळाही टोकियोत आहेत. परंतु चिरंजीवांनी मुलाला घराजवळच्या सरकारी जपानी शाळेत घातले. ते मला तेव्हा रुचले नव्हते.

मी गेले त्याच आठवड्यात, वर्ग चालू असताना पालकांनी येऊन पाहावे, असा शाळेचा एक दिवस होता. दाराशी जोडे काढून, नेलेल्या सपाता घालून आम्ही आत गेलो. तास पंचेचाळीस मिनिटांचा. मागे भिंतीशी उभे राहून मी पाहू लागले. शिक्षिकेची नजर फिरली तशी माझीही फिरे. सवय कोठे जाते!

जपानी शाळेत तिसरीचे वर्ष खरोखरच एक वळण आहे. समाज आणि विज्ञान हे विषय मुलांना येथे प्रथम भेटतात. कोबीच्या पानावरील अंड्यातून अळी व अळीतून पांढरे फुलपाखरू कसे होते, ते मुले आपल्या डोळ्यांनी पाहतात. शाईत कुंचला बुडवून मोठी अक्षरे काढण्यास याच वर्षी आरंभ होतो. मण्यांच्या पाटीवर हिशेब करण्याची ओळख याच वर्षी होते. सहा वर्षांत मिळून शिकावयाच्या १,०२६ चिनी चिन्हांपैकी २०० या एका वर्षाच्या वाट्याला येतात. मला मौज वाटली ती पाढ्यांची. त्यांचे पाढे नवाच्या घरापर्यंतच असतात आणि ते दुसरीतच पुरे होतात. "आमच्याकडे तीसपर्यंत असतात," असे मी नातवाला ऐटीत सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "आजी, मग एकतीसचे काय करता?"

त्या दिवशीचा तास समाजविषयाचा होता. मुलांनी आधी शाळेच्या गच्चीवर जाऊन चारी दिशांना काय दिसते ते पाहिले होते. मग गळ्यात लिहिण्याची फळी अडकवून, टोळ्या करून, ती एकेका दिशेने गावात हिंडून आली होती. पाहिले ते सारे आता एका मोठ्या कागदावर मांडावयाचे होते. प्रथम त्यांनी घरे, झाडे, दुकाने यांची चित्रे काढली. नंतर शिक्षिकेने सांगितले, चित्रे पुसा आणि खुणा घाला. कारण खूण सर्वांना सारखी कळते.

माझ्या नातवाने पुढे होऊन एक खूण काढली. ते स्वस्तिक होते! माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. एवढ्या दूर देशी पोराने आजी आली म्हणून भर वर्गात स्वस्तिक काढले, असे वाटून माझे डोळे भरून आले. मी चिरंजीवांच्या कानाशी लागले. ते हसून म्हणाले, "आई, जपानच्या नकाशात बौद्ध मंदिराची खूणच ती आहे. सगळेच काढतात." नीट पाहिले तेव्हा दिसले की, त्याची टोके आपल्या स्वस्तिकाच्या उलट बाजूस वळलेली होती. माझा थोडा हिरमोड झाला, हे लपवीत नाही.

दुपारच्या जेवणाची हकीकत मला सूनबाईंनी सांगितली. मुलेच पांढरे झगे व टोप्या घालून सर्वांस वाढतात आणि वर्गही मुलेच झाडून पुसून काढतात. शाळेच्या पदार्थांत मासळीचा अंश असतो, म्हणून आमच्या मुलाचा डबा घरून जातो. तथापि वाढण्याची पाळी आली की हाही झगा चढवून इतरांस वाढतो, आणि मग आपल्या जागी बसून पोळीभाजी खातो. मी विचारले, "तुला निराळे वाटत नाही?" तो म्हणाला, "त्यांना मी वाढतो ना?" हे उत्तर मला पुष्कळ वेळ पुरले.

रविवारी तो मला आपले गाव दाखवावयास घेऊन निघाला. अर्धे मराठी, अर्धे जपानी आणि उरलेले हातवारे. ही अग्निशामकांची जागा, हे टपाल, येथे आमची टोळी चुकली. भाजीच्या दुकानात त्याने मला कोमात्सुना नावाची हिरवी पालेभाजी दाखविली. ती याच विभागातील कोमात्सुगावा या गावाच्या नावाने ओळखली जाते. आठवा शोगुन योशिमुने शिकारीस आला असता त्याने हे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. सूनबाई तिची पीठ पेरून भाजी करतात; फार चांगली होते.

शेवटी आम्ही आराकावा नदीच्या बांधावर चढलो. ही नदी दिसते तशी निसर्गाची नव्हे. १९१० साली टोकियोत मोठा पूर आला, त्यानंतर सरकारने सुमारे २२ किलोमीटर लांबीचा नवा पाट खणविला. ते काम १९३० साली पुरे झाले. तरीही एदोगावा विभागाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. २०१९ साली विभागाच्या कचेरीने घरोघर पुराचा नकाशा वाटला. मोठ्या पुराचा संभव असेल तेव्हा येथे थांबू नका, आधीच बाहेर पडा, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. चिरंजीवांच्या स्वयंपाकघरात तो नकाशा भिंतीवर लावलेला आहे.

बांधावर उभा राहून पोर मला म्हणाले, "आजी, पाणी येणार असेल तर आपण आधी निघायचे. तू हळू चालतेस, म्हणून आपण सगळ्यांच्या आधी."

मला आमच्या घाटाच्या पायऱ्या आठवल्या. कृष्णेला पाणी चढले की किती पायऱ्या बुडाल्या हे माझ्या वर्गातील मुले मोजून येत आणि धावत मला सांगत. ज्याला आपल्या नदीचे भय ठाऊक झाले, ते मूल त्या गावाचे झाले, असे मी तेव्हा म्हणत असे. आता तेच माझ्यापुढे उभे होते. नदी तेवढी निराळी होती. त्याला येथून उपटून नेण्याचा माझा हेतू त्या बांधावर माझ्याच्याने उच्चारवेना. भाषेची काळजी गेली असे मात्र नाही. ती आजही आहे.

परतण्याच्या आदल्या रात्री मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला व म्हटले, "आता माझ्या गावाचा नकाशा कर." त्याने विचारावे आणि मी सांगावे, असे दोन तास चालले. घाट म्हणजे काय, आळी म्हणजे काय, पार म्हणजे काय, एवढे मराठी शब्द त्याने महिन्याभरात विचारले नव्हते. ढोल्या गणपतीचे देऊळ सांगताच त्याने तेथे स्वस्तिक काढले, अर्थात उलट्या टोकांचे. जन्मभर मुलांच्या चुका दुरुस्त केल्या. परंतु ती खूण मी तशीच राहू दिली.

तो कागद आता माझ्या देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. त्यांच्या शाळेला ऑगस्टात सुटी असते, तेव्हा सर्व मंडळी येणार आहेत. कृष्णेला त्या दिवसांत पाणी असेल. नकाशा बरोबर आहे की नाही, ते घाटावर जाऊन पाहण्याचे आमचे ठरले आहे.