पनवेलची मोजदाद

पुण्याहून या, अलिबागहून या, नाहीतर महाडच्या बाजूने या, मुंबईला जाणाऱ्या माणसाला पनवेल चुकत नाही. बोरघाटातून उतरलेला जुना रस्ता इथे येऊन मिळतो आणि थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच सुटतो. आपल्यापैकी बहुतेकांचे पनवेल म्हणजे खिडकीतून दिसणारे एस. टी. स्थानक, घाईघाईत घेतलेला चहा आणि कंडक्टरची घंटी. कधीतरी सवड काढून तिथे उतरा, मंडळी. आज मात्र मी तुम्हाला देवळे आणि तळी दाखवायला नेत नाही. (वडाळे तळे तेवढे बघून घ्या.) आज एवढेच बघत फिरू, की कोणाचे काम कसे चालले आहे हे इथे कशाने मोजतात आणि त्या मोजणीत तुम्ही-आम्ही कुठे बसतो.

मोजणी आपल्याला नवी नाही. जुनी माणसे अजून आणेवारी म्हणतात, कागदावर तिला पैसेवारी नाव आहे. गावातली काही शेते निवडायची, ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक कापायचे, झोडायचे, वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या गावाचे पीक ठरवायचे. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलतींचा विचार होतो, वर गेली तर नाही. गावाची पैसेवारी साठ लागली आणि तुमचे ओढ्याकाठचे खाचर वाहून गेले, तर सरकारी हिशेबात तुमचे पीक साठ पैसेच असते. आकडा खोटा नसतो. तो गावाचा असतो, तुमचा नसतो. एवढे ध्यानात ठेवून स्थानकात शिरा.

एस. टी. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली. तेव्हापासून या खात्याइतका स्वतःचा हिशेब ठेवणारे खाते क्वचितच असेल. गाडी दिवसात किती किलोमीटर धावली, दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर गेली, दहा हजार किलोमीटरमागे किती वेळा वाटेत बंद पडली, एका किलोमीटरला किती रुपये आले, हे सगळे आगारात नोंदले जाते. चालक सुद्धा या आकड्यांनी ओळखले जातात. कोणाच्या हातात गाडी तेल कमी पिते हे आगारातल्या पोरालाही ठाऊक असते.

पण या सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे भारमान. हा शब्द लक्षात ठेवा, कारण तुमच्या गावची गाडी राहणार की जाणार, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरते. भारमान म्हणजे गाडीत जेवढ्या जागा आहेत त्यांतल्या शेकडा किती भरल्या. आता एक हिशेब करू. चव्वेचाळीस आसनांची गाडी सकाळी तुमच्या गावातून निघाली. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, दुधाचे कॅन, शाळा-कॉलेजची पोरे, तारखेला निघालेला एखादा दादा, गाडी खच्चून भरली. तीच गाडी परत गावाकडे आली तेव्हा आत चारच माणसे, कारण सकाळच्या पारी शहरातून गावाकडे कोण येणार? जाऊन-येऊन अठ्ठ्याऐंशी जागा, भरल्या अठ्ठेचाळीस. भारमान झाले साधारण ५५ टक्के. सकाळी ज्यांना दारात लोंबकळावे लागले त्यांना गाडी अपुरी आहे आणि आगाराच्या वहीत ती अर्धी रिकामी आहे. दोघेही खरेच बोलतात.

मधल्या काळात गाडी चार वेळा आलीच नाही, म्हणून लोकांनी टमटम धरली, की भारमान आणखी उतरते. मग उत्पन्न नाही म्हणून फेरी कमी होते. फेरी कमी झाली की उरलेसुरले प्रवासीही जातात. असे चक्र एकदा फिरले की मुक्कामी गाडी जाते आणि पहाटे तालुक्याला पोचण्याची सोय तिच्याबरोबर जाते. दोष कंडक्टरचा नाही आणि आगार व्यवस्थापकाचाही फारसा नाही. त्यांना उत्पन्नाचा जाब द्यावा लागतो. पण गाडीअभावी किती मुलींची अकरावी सुटली, याचा रकाना त्या वहीत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला, तेव्हा गाड्या एकदम भरू लागल्या. म्हणजे प्रवासी होतेच, तिकिटाच्या पैशापाशी अडले होते. म्हणून गावची फेरी बंद होते असे कळले, तर 'गाडी हवी' असा नुसता अर्ज देऊ नका. आठ दिवस सकाळच्या गाडीत किती माणसे चढली, गाडी किती वाजता आली आणि किती दिवस आलीच नाही, हे तुमच्याच पोरांकडून वहीत लिहून घ्या आणि ती वही ग्रामपंचायतीच्या ठरावाबरोबर आगारात द्या. आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावे लागते.

स्थानकातून गावात चला. आज खाडी गाळाने भरलेली दिसते, पण एके काळी पनवेल हे बंदर होते. तांदूळ आणि मीठ इथून मुंबईला जाई, आणि बैलगाडीची चाके बनवण्यात या गावाचा हातखंडा होता. त्या सुताराचे काम मोजायला अधिकारी लागत नसे. घाटाच्या चढाला चाक बोलले, की गाडीवान दुसऱ्या फेरीला दुसऱ्याच्या दारात उभा. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखानाही इथलाच, १८७२ सालचा.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या अगदी जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची २९ गावे तिच्यात आली. काल ज्यांचा सरपंच होता, त्यांचा आज आयुक्त झाला. २०२५ साली राज्य सरकारने सगळ्या कार्यालयांना शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला आणि शेवटी शाळेतल्यासारखे मार्क दिले. तपासणी भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करवली आणि १ मे रोजी निकाल लावला. महापालिका आयुक्तांमध्ये उल्हासनगर पहिले आले, ८६.२९. पिंपरी-चिंचवड दुसरे, ८५.७१. तिसऱ्या जागेवर पनवेल आणि नवी मुंबई बरोबरीत, ७९.४३. संकेतस्थळ कसे आहे, कार्यालय स्वच्छ आहे का, आलेल्या माणसाला बसायला जागा आणि प्यायला पाणी आहे का, तक्रारी किती मिटल्या, साहेब फिरतीवर गेले का, असे मुद्दे होते.

मला ही गोष्ट बरी वाटली. सरकारने आपल्याच माणसांचे पेपर बाहेरच्याकडून तपासून घ्यावेत आणि निकाल चारचौघांत लावावा, हे रोज घडत नाही. पण शेकड्याला ७९ मार्क मिळालेल्या पोराला गणितात किती पडले, हे बाप विचारतोच ना? महापालिकेत आलेल्या गावातल्या म्हातारीच्या नळाला पाणी किती वेळ येते, हे ७९.४३ या आकड्यातून कळत नाही. तिथे आणेवारीसारखेच आहे. आकडा पनवेलचा, आळीचा नव्हे.

आता उरणच्या रस्त्याला लागू. दोन्ही बाजूंना डब्यांचे ट्रेलर दिसतील, संपता संपणार नाहीत. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तिथे वीस फुटी डबा हे माप. २०२४-२५ या वर्षात असे ७३ लाखांच्या आसपास डबे त्या बंदरातून गेले-आले. जहाज धक्क्याला लागल्यापासून सुटेपर्यंत किती तास गेले, डबा आवारात किती वेळ पडून राहिला, हे तिथे तासाच्या हिशेबाने मोजतात. जहाज खोळंबले की मालकाला भुर्दंड, म्हणून तास मोजायला सगळेच तयार.

याच रस्त्यावर जासई आणि पागोटे लागतात. नवी मुंबईसाठी इथली भाताची खाचरे आणि मिठागरे घेतली गेली, तेव्हा मोबदला पुरेसा नाही म्हणून शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचे तत्त्व आले, ज्याचे नाव आज महाराष्ट्रभर प्रकल्पग्रस्त घेतात. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांना या साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली, ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी. गोळीबाराला तोवर तीस वर्षे झाली होती आणि बंदर सुरू होऊन पंचवीस. जहाजाचे तास मोजणाऱ्या गावात शेतकऱ्याची वर्षे कोणी मोजली असती, तर तो आकडा कुठल्या फलकावर लागला असता? गोव्याचा रस्ताही तसाच. पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि दहा वर्षांनीही ते पुरे झालेले नव्हते.

परतताना तहसील कचेरीत डोकवा. तुमच्या तालुक्याच्या कचेरीतही हेच चित्र आहे, म्हणून इथे जरा थांबू. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात फलक लावायचा असतो. त्यावर कोणता दाखला, किती दिवसांत, किती फी, देणारा अधिकारी कोण आणि त्याने न दिला तर अपील कोणाकडे, हे सगळे लिहिलेले हवे. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत. जातीचा दाखला पंचेचाळीस दिवसांत.

पण दिवस मोजायला सुरुवात कधी होते, हे नीट समजून घ्या. कायद्यात ते परिपूर्ण अर्जापासून सुरू होतात. एक कागद कमी निघाला, तर घड्याळ चालूच होत नाही. आज रेशनकार्डाची प्रत नाही, पुढच्या खेपेला तलाठ्याचा अहवाल नाही, असे तीन हेलपाटे झाले तरी कचेरीच्या हिशेबात काम वेळेतच होते. म्हणून पहिल्याच दिवशी लागणाऱ्या कागदांची पूर्ण यादी मागा, ती फलकाशी ताडून बघा आणि अर्ज दिला की नंबर आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसेल तर तुमच्या खेपा कोणाच्याच वहीत नाहीत.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागता येते. मुदत टळली किंवा नामंजुरी आली, तर तीस दिवसांत पहिले अपील, तिथे काम झाले नाही तर पुन्हा तीस दिवसांत दुसरे, आणि त्यानंतर साठ दिवसांत सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. सबळ कारण नसताना कसूर केल्याचे ठरले, तर त्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. घरात कॉलेजात जाणारे पोर असेल तर अपिलाचे दोन कागद ते संध्याकाळी बसून लिहून देईल. पोचेची झेरॉक्स जोडायची आणि मूळ पोच घरीच, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायची.