देवांची बैठक

घर बांधावयास काढले म्हणजे गवंडी पायाची खोली सांगतो, सुतार तुळयांची लांबी सांगतो, आणि घरधनी आपली थैली चाचपून दोघांच्याही म्हणण्यास थोडी थोडी कात्री लावतो. परंतु ईशान्येच्या कोपऱ्याचा विषय निघाला की हे तिघेही मुकाट्याने बाजूला होतात, आणि ज्याने जन्मात कधी थापी हाती धरलेली नसते असा एक चौथा गृहस्थ, काखेतले पंचांग सावरीत, बोलू लागतो. हा कोपरा देवांचा, असे तो सांगतो. येथे न्हाणीघर नको, जिना नको, वर माळा नको, आणि भिंतीपलीकडे शौचकूप तर मुळीच नको. एवढी स्पष्ट चतुःसीमा इनामाच्या सनदेतदेखील क्वचितच आखून दिलेली आढळेल.

या हुकमाचे दप्तर फार जुने आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. घराच्या भूमीची 81 पदे पाडावीत, त्या चौकटीत वास्तुपुरुष पालथा पडलेला आहे असे समजावे, त्याचे मस्तक ईशान्येस असावे आणि त्याला उठू न देण्यासाठी 45 देवता त्याच्या अंगावर ठाण मांडून बसलेल्या असाव्यात, अशी ती कल्पना. देवघर ईशान्येस, पाकशाळा आग्नेयेस, भांडीकुंडी नैऋत्येस आणि धनधान्य वायव्येस, ही वाटणीही त्याच ग्रंथात येते. ज्योतिषाने पुढे या दिशांवर ग्रहांच्या नेमणुका केल्या: पूर्वेवर रवि, आग्नेयेवर शुक्र, दक्षिणेवर मंगळ, नैऋत्येवर राहू, पश्चिमेवर शनी, वायव्येवर चंद्र, उत्तरेवर बुध आणि ईशान्येवर गुरू, एखाद्या दरबारात अष्टप्रधानांना खाती वाटून द्यावीत तसे हे आठ जण आठ दिशांचा कारभार पाहतात. ईशान्येचा दिक्पाल साक्षात शिव, तिचा ग्रह गुरू, आणि वास्तुपुरुषाचे मस्तकही तिच्यातच. एकाच कोपऱ्यावर असा तिहेरी हक्क शाबीत झाल्यावर दुसऱ्या कोणाची फिर्याद तेथे टिकावी कशी? साधारण तेरा महिन्यांनी एकदा हा गुरू सूर्याच्या तेजात लोपतो आणि महिनाभर दिसेनासा होतो. त्या काळात, आणि शुक्राच्या अस्तातही, वास्तुशांती आणि देवप्रतिष्ठा वर्ज्य मानतात. खात्याचा प्रधानच गैरहजर असता त्याच्या हद्दीत नवे ठाणे बसवू नये, हा शिष्टाचार मला तरी समजण्यासारखा वाटतो. कुंडलीत चौथे स्थान घराचे आणि मातेचे, तर पाचवे उपासनेचे. कोणास कोणता देव फळेल, हे त्या पाचव्यावरून सांगणारे ज्योतिषी गावोगाव आहेत. कुलदैवताच्या वाटेत मात्र त्यांनी सहसा कोणताही ग्रह आडवा घातलेला नाही, आणि यात त्यांचे शास्त्रज्ञान किती आणि व्यवहारज्ञान किती, याची चौकशी आपण न करावी हे बरे.

या व्यवस्थेतील काव्य नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. आपल्या मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य ठीक पूर्वेस उगवतो तो वर्षातून दोनदाच, विषुवदिनांच्या सुमारास. ज्येष्ठात तो पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे 25 अंश सरकतो, पौषाच्या थंडीत जवळजवळ तितकाच दक्षिणेस. ठीक ईशान्य आहे 45 अंशांवर. म्हणजे मकरसंक्रांतीच्या आधीपासून सूर्य रोज थोडा थोडा त्या कोपऱ्याच्या रोखाने चालत निघतो, निम्म्याहून बरीच अधिक वाट कापतो, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मागे फिरतो. जेथवर साक्षात सविताही पोहोचत नाही तेथे देवांना बसवावे, असे ज्या कोणास प्रथम सुचले असेल त्याच्याविषयी, त्याच्या हेतूत ही गोष्ट असो वा नसो, मला आदर वाटतो.

अडचण सुरू होते ती पुढे. देवांनी पूर्वेकडे तोंड करून बसावे असे एक जण सांगतो. पूजकाने पूर्वेकडे तोंड करून बसावे असे दुसरा सांगतो. आणि देव व पूजक यांपैकी एक जण दुसऱ्याकडे पाठ फिरवून बसणार नसेल तर या दोन्ही आज्ञा एकदम पाळणे कोणत्याही भूमितीस साध्य नाही, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

कोपरा आणि तोंड यांचा निकाल लागला की संख्येचा तंटा उभा राहतो. कमलाकरभट्टांचा 1612 सालचा ‘निर्णयसिंधू’ आणि पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यांचा 1790 सालचा ‘धर्मसिंधू’ अशा ग्रंथांवर ज्यांचा पिंड पोसला त्या याज्ञिकांच्या तोंडी हे विधिनिषेध असत: घरात दोन शिवलिंगे पूजू नयेत, दोन शंख नकोत, दोन शाळिग्राम नकोत, तीन गणपती नकोत, तीन देवी नकोत. मूर्ती किती मोठी असावी तेही ठरलेले आहे. मत्स्यपुराणाने घरातल्या देवाला अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच वाढण्याची मुभा दिली आहे, त्याहून मोठ्याने देवळात जावे.

प्रत्यक्षात आपला देव्हारा भरतो तो सोयरिकीने आणि मयतीने. घरात येणारी प्रत्येक सून गौरीहरापुढे जिची पूजा करते ती अन्नपूर्णा आणि तिच्याबरोबरचा बाळकृष्ण माहेराहून घेऊन येते. सासूची अन्नपूर्णा आधीच तेथे असते, आणि तिच्या सासूचीही असते. खंडोबा, भवानी, जोतिबा यांचे टाक असतात, रोजच्या घासण्यापुसण्याने नाकडोळे झिजून गेलेले. कोणा विसरलेल्या पूर्वजाचा घोड्यावर बसलेला वीर असतो. काशीहून आणलेला, तोंडावर डाक दिलेला गंगेचा गडू असतो. एखादी निपुत्रिक मावशी वारते आणि तिचे देव, दुसरे वारसच नसल्यामुळे, फडक्यात बांधून आपल्याकडे येतात. त्यात एक गणपती निघतो, एक आपला असतो, आणि तिसरा कोणी तरी मुंजीत चांदीचा दिलेला असतो. झाले तीन.

अशा वेळी आमची आजी जो न्याय करी तो मी पुढे कोणत्याही कचेरीत पाहिला नाही. मुंजीतल्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, सबब तो शोभेचा, असे ठरवून ती त्यास चांदीच्या वाट्यांच्या शेजारी कपाटात बसवी. तेथेही संकष्टीला त्याच्यापुढे दूर्वांची जुडी पडे ती का, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. दोन अन्नपूर्णा आणि एक भवानी मिळून देवी तीन झाल्या, असे गुरुजींनी दबकत निदर्शनास आणताच ती म्हणाली, “टाक तो टाक, मूर्ती ती मूर्ती. टाकाला मूर्तीत कशाला मोजता, गुरुजी?” गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि ताम्हन पुढे ओढले. नवरात्रात तर हे सारे देव विड्याच्या पानांवर एकदा बसले की नऊ दिवस जागचे हलत नसत. त्या मुदतीत दिशा, संख्या किंवा उंची यांविषयीची कोणतीही हरकत दाखल करून घेतली जात नसे.

पण आजीपाशी निदान वाडा होता, वाड्याला माजघर होते आणि माजघराला चार कोपरे होते. तिची धाकटी सून, म्हणजे आमची काकू, गिरगावातल्या चाळीत एका खोलीत नांदावयास गेली, तेव्हा तिच्या वाट्याला एकच मोकळी भिंत आली, आणि तीही पश्चिमेची नव्हे, पूर्वेची नव्हे, तर रस्त्याच्या लहरीप्रमाणे तिरकी. तेथे एका फळीवर देव, फळीखाली पाण्याचे पिंप आणि पिंपाशेजारी शेगडी. काकूचा जीव मात्र ईशान्येत अडकलेला; ईशान्येस होते ते शेजाऱ्यांचे दार. वर्षश्राद्धाला आलेल्या गुरुजींना तिने भीतभीत विचारले. ते वृद्ध होते आणि चाळीतच पूजा सांगून म्हातारे झालेले होते. “काकू,” ते म्हणाले, “तुम्ही आणि देव, दोघांच्या मधली जी दिशा, ती पूर्व. शास्त्रच आहे हे, मी पदरचे सांगत नाही.”

खरोखरच ते पदरचे नव्हते. पंचायतन मांडण्याचा जो विधी आहे त्यात हा नियम येतो. शिवाचे पंचायतन असेल तर मध्ये नर्मदेतला बाण, ईशान्येस विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, आग्नेयेस सूर्य म्हणून स्फटिक, नैऋत्येस गणपती म्हणून शोण नदीतला तांबडा पाषाण आणि वायव्येस देवीची सुवर्णमुखी शिला. पुण्याच्या पर्वतीवर 1749 साली नानासाहेब पेशव्यांनी देवदेवेश्वर बांधविला तोही मधले एक मोठे देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे अशाच घडणीचा. पर्वतीचा डोंगर फिरविता येत नाही. परंतु ताम्हनात मावणारे पंचायतन घेऊन गृहस्थ यात्रेला जातो, परगावी नोकरीवर जातो, धर्मशाळेत उतरतो, आणि तेथे त्याने होकायंत्र शोधीत बसावे अशी शास्त्रकारांची अपेक्षा नव्हती. पूज्य आणि पूजक यांच्यामधले जे हातभर अंतर, तेच प्राची समजावे, आणि मग इतर दिशा तिच्या अनुरोधाने आपोआप नेमून घ्याव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले. ज्या परंपरेने ईशान्येचा फास आवळला तिनेच ही गाठही सैल ठेवली आहे, आणि मला विचाराल तर वराहमिहिराच्या 81 पदांपेक्षा या एका नियमात अधिक बुद्धिवैभव आहे. आकाशातली पूर्व सर्वांची. ही पूर्व मनुष्य आसनावर बसला की उत्पन्न होते आणि तो उठला की मावळते.

हल्लीच्या वास्तुतज्ज्ञांस हा दुसरा नियम कोणी शिकविलेला दिसत नाही, किंवा शिकविला असल्यास त्यावर धंदा चालत नाही हे त्यांनी ओळखले असावे. ते मोबाइलमधले होकायंत्र जमिनीवर ठेवतात, कपाळाला आठ्या घालतात, आणि मुलाच्या नापास होण्यापासून सासऱ्यांच्या गुडघेदुखीपर्यंत सर्व जबाबदारी देव्हाऱ्याच्या तोंडावर टाकून, उपाय म्हणून तांब्याचे पिरॅमिड विकतात. जुना ज्योतिषी दक्षिणा घेई, पण जाताना काही तरी तोड सांगून जाई. हे तोड विकतात. असो, या विषयावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

खरी पंचाईत होते ती भाऊ वेगळे निघतात तेव्हा. शेत मोजता येते, भांडी तोलता येतात, वाड्यात भिंत घालता येते. देवांची तक्षीम करता येत नाही. आपल्याकडे सामान्यतः मूळ देव थोरल्या घरी राहतात आणि धाकटे नवे टाक करवून, ते जेजुरीस नेऊन देवाला भेटवून, आपल्या घरी नेतात. किंवा वर्षाच्या पाळ्या लावून घेतात. पाळीची वहिवाट बंगाल्यातही आहे, आणि कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात तिच्यावरून असा कज्जा पेटला की तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत पोहोचला. आपल्या पाळीत देव आपल्याच घरी नेता येईल काय, एवढाच वाद. भावाभावांनी वकील दिले, कागदांचे भारे झाले. 1925 साली त्या न्यायासनाने सांगितले की घरचा देव म्हणजे वाटेल तिकडे हलवावे असे जंगम सामान नव्हे. तो कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, आपण कोठे राहावे याविषयी त्याची इच्छा मानली पाहिजे, आणि ती न्यायालयापुढे मांडण्यासाठी या भांडणात ज्याचा काही लाभ नाही असा एखादा निःस्पृह मित्र देवास नेमून द्यावा.

देवास विचारावे, हे साता समुद्रांपलीकडच्या त्या न्यायाधीशांना सुचले याचे मला मोठे कौतुक वाटते. परंतु त्यांनी आमच्या कोकणातल्या एखाद्या गुरवाची साक्ष काढली असती तर खर्च पुष्कळ वाचला असता. गुरव देवाच्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि मंडळी श्वास रोखून बसतात; उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार, आणि सारा निकाल तासाभरात. डावी पडलीच, तर प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा घालण्याची मुभा तेथे असतेच.