बुलेटवाली आणि वेगळा पेला



परवा बस्तीत एकीने विचारलं, "तुमच्या त्या बुलेटवालीला असला मऊ नवरा मिळाला तरी कसा?" तिथे मी हसून वेळ मारून नेली. पण त्या गोष्टीत माझीही एक चूक आहे, आणि ती बस्तीच्या दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून इथे लिहिते.

बुलेटवाली म्हणजे माझी पुतणी. धाकटे दीर गेले तेव्हा ती कॉलेजात होती. त्यांची बुलेट जाऊबाई विकायला निघाल्या, तर पोरीने किल्लीच लपवली. गाडी जुन्या पद्धतीची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, बटणस्टार्ट नाही. अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून सोडायचा आणि मग किक मारायची. चुकलं तर किक उलटी येते. हिची नडगी दोनदा सुजली, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. तेव्हापासून बापाची सुताची वसुली हीच करायची. इचलकरंजीतल्या भल्या भल्या थकबाकीदारांना तो फटफट आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की चेकबुक सापडायचं.

लोक तिला दांडगट म्हणत. पण तिचं जाकीट नायलॉनचं, बूट कापडाचे आणि रबराचे, कमरेचा पट्टासुद्धा चामड्याचा नाही. पावसाळ्यात दिवेलागणीनंतर ती गाडी काढत नाही, कारण दिव्यावर झेपावणारे पंखाचे किडे हेल्मेटच्या काचेवर आपटून मरतात. मी बी.कॉम. झालेली, इतकी वर्षं स्वाध्यायाला बसलेली, पण हा हिशेब मला कधी सुचला नव्हता.

तो मालवणकडचा. बँकेत बदलीवर आलेला. बोलणं असं की साखर महाग झाली तर त्याच्याकडून उसनी आणावी. त्याची स्कूटर भर रस्त्यात बंद पडली होती. हिने थांबून प्लग काढला, पुसला, बसवला आणि "गाडी वापरता आणि प्लगपाना ठेवत नाही?" म्हणून त्याला चारचौघांत झापलं. दुसऱ्या दिवशी हा नवाकोरा प्लगपाना घेऊन तिला दाखवायला आला. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मालवण म्हटलं की मासे, आणि आपल्यात तर बटाटा शिजत नाही. "तुमचं ती ऐकते, तुम्हीच समजवा," म्हणाल्या. मी त्याला घरी बोलावलं. चहा दिला, पाणी दिलं, आणि पाण्याचा पेला मुद्दाम फडताळातला जुना, काठाला चेपलेला काढला. तो पेला मी वेगळा ठेवला. तोंडाने काही बोलले नाही. तो गेल्यावर बघते तर पेला घासून, पुसून, जिथून काढला होता तिथेच उपडा ठेवलेला. पुढच्या वेळी आला तेव्हा फडताळातून त्याने आपण होऊन तोच पेला घेतला. मला जरा लागलं, पण पेला बदलावा इतकं नाही.

मग आला 2018 चा फेब्रुवारी. श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक, बारा वर्षांनी येणारा. आमच्या बायकांची बस ठरली. सामान चढवायला-उतरवायला कुणी हवं होतं, तर मी त्याचं नाव सुचवलं. मनात हेतू दुसराच होता, चार दिवस नजरेखाली ठेवू आणि काहीतरी खोट सापडेलच. पुतणी अर्थातच बुलेटवर. म्हणजे बघा, नवरी रस्त्यावर गाडी हाणतेय आणि नवरदेव बसमध्ये आम्हा काकू-मावशांच्या मध्ये पिशव्या सांभाळत बसलेला! निपाणी ओलांडायच्या आत त्याला मळमळायला लागलं. एक नवखी म्हणाली आल्याचा तुकडा द्या. चौघी ओरडल्या, "आलं नाही, सुंठ!" आलं का चालत नाही आणि सुंठ का चालते, यावर बेळगावपर्यंत त्याचा वर्ग घेतला. बिचारा सुंठ चघळत मान हलवत होता.

वेळ जावा म्हणून मी गुळ्ळकायज्जीची कथा सांगितली. चामुंडरायाने हंडेच्या हंडे दूध ओतलं, पण अहंकारामुळे ते मूर्तीच्या नाभीखाली उतरेना. मग एक गरीब म्हातारी फळाच्या एवढ्याशा पोकळ सालीत दूध घेऊन आली आणि तेवढ्यानेच सत्तावन्न फुटांची मूर्ती पायापर्यंत न्हाली. सगळ्या जणी नेहमीप्रमाणे गहिवरल्या. त्याने एवढंच विचारलं, "काकू, त्या आजीला वर कुणी जाऊ दिलं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

चित्रदुर्गच्या अलीकडे मुक्काम होता. सूर्यास्ताच्या आत आमची जेवणं उरकली. दशम्या, शेंगांची चटणी, दोडक्याची भाजी. पुतणीचा पत्ता नाही. वाटेत तिचं चाक पंक्चर झालं होतं. ती पोचली तेव्हा चांगला अंधार पडला होता. हात काळे, चेहरा धुळीने माखलेला, आणि नियम मोडायचा प्रश्नच नव्हता. "उद्या जेवेन," म्हणाली. रात्री ती फक्त पाणी घेते. मी आत जाऊन पाणी आणते तोवर तो धर्मशाळेच्या पायरीवरून उठला. गाळून उकळलेलं पाणी त्याने आधीच भरून ठेवलं होतं. शेजारी दोन डबे, दोन्ही बंद. मला वाटलं एक तिचा. दुसरा त्याचाच होता.

"तू का नाही जेवलास?" मी विचारलं.

"ती रस्त्यात होती ना," म्हणाला.

आमच्या ह्यांची दुकानाची रात्र व्हायची तेव्हा मी दिवस असतानाच जेवून घेत असे. नियमच तसा आहे, त्यात चूक काही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या तो अनवाणी चढला, तेही एका आजींचा हात धरून. अभिषेक चालू होता. दुधाने मूर्ती पांढरी होत होती, हळदीने पिवळी. मी बाहुबलींकडे कमी आणि या दोघांकडे जास्त बघत होते, तो दोष माझ्या माथी आहे.

लग्नाचं पुढे सांगायला फार नाही. जाऊबाईंना वर्ष लागलं. मालवणला मासे शिजतात, ती तिथे गेली की चूल वेगळी असते आणि सासूबाईच ती पेटवून ठेवतात. तो मात्र अजून बुलेटवर मागे बसला की डोळे मिटून णमोकार म्हणतो, आणि घाई झाली की दोन पदं गाळतो.

पेल्याचं राहिलं. त्याच वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर, क्षमावाणीला तो घरी आला. मी हात जोडून म्हणाले, "उत्तम क्षमा. तो पेला मी तुझ्यासाठी मुद्दाम वेगळा ठेवला होता."

"हो का?" म्हणाला. "मला वाटलं, तुमच्यात पाहुण्याचा पेला वेगळा असतो. मी आईलाही तसंच सांगितलं, की माझा मान ठेवतात."

त्याला खरंच तसं वाटलं होतं, की माझी लाज राखली, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही. चेपलेला पेला आता सगळ्यांत मिसळलाय, कधी माझ्या हाती येतो, कधी जाऊबाईंच्या. तो आला की अजून शोधून तोच घेतो.