फाल्कन्सचे दोन दगडांवर पाय

अटलांटातल्या आपल्या मंडळींनो, फाल्कन्सचा हिशेब बघा जरा. मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार, त्यातले १० कोटी पक्के. वय ३५, टाचेमागची शीर पाच महिन्यांपूर्वीच तुटलेली. आणि सहा आठवड्यांत ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर घेतला कोण? मायकेल पेनिक्स. तोही क्वार्टरबॅकच! कझिन्सच्या बाजूला हे कळवलं ते निवडीचं घड्याळ सुरू झाल्यावर. अहो, आधी एक फोन करायला काय जात होतं?

पेनिक्स चुकीचा, असं मी म्हणत नाही. पोरगा चांगला फेकतो. पण पगारावर मर्यादा असलेल्या लीगमध्ये नवखा क्वार्टरबॅक घ्यायचा तो स्वस्त पडतो म्हणून. वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा करता येतो. इथे ते पैसे आधीच कझिन्सला दिलेले. समोरच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडेल असा गडी हवा होता, तो राहिलाच.

डिसेंबरात कझिन्सला बसवलं. शेवटी ८ विजय, ९ पराभव, प्लेऑफ नाही. स्टेडियमला शहराच्या हॉटेल-करातले २० कोटी डॉलर लागलेत, तेव्हा विचारायचा हक्क आपला आहेच. आणि मार्च २०२५ मध्ये बाकावरच्या कझिन्सचे आणखी १ कोटी पक्के झाले.